अण्णांच्या पट्टीत

पहाटे आमच्या घराला जाग यायची ती अण्णांच्या गुळण्यांनी. अण्णा म्हणजे माझे वडील, कीर्तनकार. कोमट पाणी, त्यात मीठ, चिमूटभर हळद, आणि मग मोरीत उभं राहून मान वर करून असा काही घुळघुळाट चालायचा की खालच्या बांगडीवाल्यांना घड्याळाची गरज उरली नव्हती. गुळण्या संपल्या की ज्येष्ठमधाची काडी, ती चघळून झाली की खडीसाखर, आणि मग अगदी खालच्या सुरात अर्धा तास नुसता ‘आ’कार. पाटणकर बाजारामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्या दोन्ही खोल्यांवर अण्णांच्या गळ्याचं राज्य होतं. ताक नाही, लोणचं नाही, चिंच नाही. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, जेव्हा कावळासुद्धा नळाखाली चोच धरून बसतो, तेव्हा आम्ही सुरईतलं गार पाणी अण्णांची पाठ वळल्यावर प्यायचो. समोर प्यायलं तर ते काही बोलायचे नाहीत, पण असं बघायचे की पाणी घशात अडकायचं. आता मी ग्वाल्हेरच्याच हरिशंकरपुरमात नातीकडे राहते, इथे फ्रीज उघडला की बर्फाची ताटलीच हातात येते, तरी अजून गार पाणी पिताना मी एकदा मागे वळून बघते. नात हसते. ‘आजी, पी लो ना, कोणी नाही बघत,’ म्हणते. हसू दे.

आम्ही मूळचे इथले नव्हे. मी नऊ वर्षांची असताना आम्ही कृष्णाकाठचं गाव सोडून इथे आलो. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या एका दत्तमंदिरात चातुर्मासाला कीर्तनकार हवा होता. चार महिन्यांसाठी म्हणून आलो, सोबत दोन ट्रंका आणि पेटी, आणि ते चार महिने अजून चाललेच आहेत. इथली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची. कुणाचे पणजोबा दरबारात कारकून, कुणाचे फौजेत, कुणाचे पूजाअर्चेला. ती मराठीच बोलायची, पण पहिल्या दिवशी शेजारच्या कमलाकाकू आल्या आणि म्हणाल्या, ‘वहिनी, दूध संपून गेलं असेल तर आमच्याकडून घेऊन घ्या. काही टेन्शन नका घेऊ, हळूहळू सगळं जमून जाईल.’ त्या गेल्यावर आईनं मला विचारलं, ‘ह्या कुठल्या गं?’ शाळेत तर माझी दैनाच. मला हिंदी येत नव्हती आणि माझ्या मराठीला मराठी मुलीच खो खो हसायच्या. मी रडत घरी यायची. आईचं रडं वेगळं होतं. तिला इथे कोकम मिळेना, ओला नारळ दिसेना, मोहरीच्या तेलाचा वास नाकात जाऊन बसलेला. तिनं आमसुलाऐवजी आमचूर घालून आमटी केली, आम्ही चौघं पानावर बसलो, आजोळची मावशी तेव्हा सोबत आली होती, आणि आम्ही तिघी अण्णांकडे बघत राहिलो. शेवटी अण्णा म्हणाले, ‘वाईट नाही.’ त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सोन्याचं पदक. तीच आमटी पुढे आमच्या घरची झाली आणि आता माझ्या लेकीला आमसुलाची केली तर ती नाक मुरडते.

मंदिरातलं कीर्तन दुपारी साडेचारला सुरू व्हायचं. अण्णा अंगरखा घालायचे, उपरणं घ्यायचे, पगडी चढवायचे, आणि त्या वेषात आमचे अण्णा आमचे उरायचे नाहीत. बाराव्या वर्षी त्यांनी मला पेटीवर बसवलं. पेटी त्यांनीच शिकवली, बोटांवर फुटपट्टी मारून. आणि पेटीबरोबर झील. कीर्तन ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कीर्तनकार पदाची ओळ टाकतो आणि ती संपत आली की मागची माणसं ती उचलून धरतात, म्हणजे त्याला श्वास घ्यायला, दोन पावलं नाचायला, लोकांकडे बघायला सवड मिळते. ती झील. झिलकऱ्यानं पुढे जायचं नाही, मागे रेंगाळायचं नाही, आपला आवाज वेगळा ऐकू येऊ द्यायचा नाही. ‘तुझं गाणं कुणाला कळलं तर तू चुकलीस,’ असं अण्णा सांगायचे. अण्णांची पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीची ती काळी पट्टी हाच त्यांचा सा. माझी पट्टी कुठली हा प्रश्नच कधी आला नाही. पेटी काळी दोनमध्ये वाजायची, तबला काळी दोनमध्ये लागायचा, मीही काळी दोनमध्ये. बायकांना ती पट्टी फार खाली पडते. खालच्या ओळी माझ्या गळ्यातून यायच्याच नाहीत, त्या मी नुसत्या पुटपुटायची. पण अण्णांचा जो वरचा षड्ज, जिथे त्यांच्या मानेची शीर फुगायची, तो माझ्या गळ्यात आरामात मधेच कुठेतरी बसायचा. त्यातून माझा आवाज जाडा, बापाच्या वळणाचा. ‘मुलगी आहे का मुलगा?’ असं कमलाकाकूंचे सासरे दाराच्या पडद्यामागून नुसता आवाज ऐकून विचारायचे आणि मला त्यांचा अस्सा राग यायचा!

मी सतरा वर्षांची होते तेव्हा एका कीर्तनात अण्णांचा आवाज वर जाताना अडला. चातुर्मासाचा तिसरा महिना, रोजचं कीर्तन, माइक नाही, समोर शंभर माणसं. त्यांनी स्वतः रचलेलं कुंभारणीचं आख्यान चाललं होतं. त्यात एक पद होतं, ‘घडा घडविला मातीचा गं, भरला कुणी, कुणी नेला’. त्यातलं ‘कुणी नेला’ थेट वरच्या षड्जावर जातं आणि तिथे कुंभारीण रडते, आणि तिच्याबरोबर निम्मं मंदिर रडतं. त्या दिवशी ‘कुणी’ आलं आणि ‘नेला’च्या जागी नुसता वारा आला. मी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. झील जिथे उचलायची त्याच्या आधीच मी उचलली, आणि सूर जिथे जायचा तिथे गेला. बायका डोळे पुसत होत्या. अण्णा हात वर करून डोळे मिटून उभे होते. कुणाला काही कळलं नाही.

आईला कळलं. घरी आल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं, दाराला पाट लावला आणि हळू आवाजात म्हणाली, ‘उद्याही अडला तर उद्याही उचल.’ मी म्हटलं, ‘अगं पण अण्णांना कळेल ना!’ ‘नाही कळत. माणूस वरचं गाताना आतूनच ऐकतो. तू उचल. आणि तोंडातून चकार शब्द काढशील तर बघ.’ झालं. दुसऱ्या दिवशी उचललं, तिसऱ्या दिवशी उचललं. आधी फक्त ‘नेला’ माझं होतं, मग ‘कुणी नेला’ माझं झालं, आणि वर्ष सरता सरता मधल्या सप्तकाच्या वर जे काही जायचं ते सगळं माझं झालं. खालचं अण्णांचं, वरचं माझं, मधे शिवण. आमचे तबलजी बाबूलालजी माझ्याकडे एकदा बघायचे आणि तबल्याकडे मान वळवायचे. ते मोठे समजूतदार गृहस्थ होते. अण्णा पहाटे गुळण्या करायचे, ज्येष्ठमध चघळायचे आणि एखाद्या दिवशी जेवताना म्हणायचेसुद्धा, ‘आज वरचा षड्ज कसा लागला! साठीला आलो, पण गळा अजून आहे हो.’ आई पानावर भात वाढत असायची. ‘आहेच मुळी,’ म्हणायची. आणि मी मान खाली घालून भात कालवायची, कारण मान वर केली असती तर मी रडले असते. दोन चातुर्मास हे असं चाललं. लोक मला विचारतात, खोटं बोलायला शिकलात कधी? मी सांगते, बोलायला नाही, गायला शिकले.

अण्णांच्या मनात एकच गोष्ट होती. त्यांनी रचलेली अकरा आख्यानं. त्यांना मुलगा नव्हता, शिष्य एक झाला होता तो बँकेत चिकटला. आख्यानं वहीत लिहिलेली होती, पण वहीत चाल थोडीच राहते? ‘मी गेलो की ही चाल माझ्याबरोबर सरणावर जाणार,’ असं ते म्हणायचे आणि मग दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. त्यामुळे भटनागर आले तेव्हा आमच्या घरात देवच आल्यासारखं झालं. भटनागर दिल्लीहून आलेले, एका कॅसेट कंपनीचे. गावोगाव फिरायचे, भजनी, कव्वाल, रामायण सांगणारे, जे सापडेल ते टेप करायचे आणि दिल्लीला जाऊन कॅसेटी काढायचे. मराठी त्यांना ओ की ठो येत नव्हतं. पण मंदिरात खांबाला टेकून त्यांनी कुंभारणीचं आख्यान सगळं ऐकलं आणि संपल्यावर अण्णांचे दोन्ही हात धरले. ‘पंडितजी, इस उम्र में ऐसा तार सप्तक! मैंने पूरे मध्य भारत में नहीं सुना. ये तो रिकॉर्ड होना ही चाहिए.’ अण्णा लाजले. खरंच लाजले, नव्या नवरीसारखे. मी पेटीचा भाता बंद करत होते, तो तसाच अर्धा उघडा राहिला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाशी नेला.

ते आठ दिवस घरात सण होता. अण्णा पहाटे दोनदा गुळण्या करायला लागले. आईनं बेसनाचे लाडू केले आणि अण्णांसाठी तूपसाखर बाजूला काढून ठेवली. कमलाकाकू येऊन म्हणाल्या, ‘अण्णा तर आता फेमस होऊन जातील. आमची पहचान ठेवा बरं का!’ मी आईच्या मागे लागले. ‘आई, सांग ना त्यांना. टेपमध्ये कळेल.’ आई म्हणायची, ‘दोन वर्षांत शंभर माणसांना कळलं नाही, त्या डब्याला काय कळणार?’ तिनं टेपरेकॉर्डर दुकानाच्या काचेतच पाहिला होता. आणि खरं सांगू का, मलाही तेच मानायचं होतं. सांगायचं कसं? जेवताना? पगडी बांधताना? बापाला सांगायचं, की अण्णा, तुमचा आवाज गेलाय, तुम्हाला जो ऐकू येतो तो माझा आहे? माझी छाती झाली नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही होत नाही, म्हणून मघापासून मी लाडवांबद्दल लिहिते आहे.

रेकॉर्डिंग पडाव नावाच्या भागातल्या एका हॉटेलात होतं. स्टेशन शेजारीच, त्यामुळे भटनागरांनी आधी मॅनेजरकडून गाड्यांची वेळापत्रकं लिहून घेतली होती. मोठ्या लाइनीची, म्हणजे ब्रॉडगेजची गाडी गेली की मधे चाळीस मिनिटं मिळायची, त्यात टेप करायचं. मग छोट्या लाइनीची गाडी शिट्ट्या मारत यायची, तेव्हा चहा प्यायचा. खिडकीला त्यांनी दोन गाद्या लावल्या होत्या आणि पंखा बंद केला होता, आवाज करतो म्हणून. भाद्रपदातलं ऊन, आम्ही सगळे घामानं निथळत होतो. अण्णा मात्र पूर्ण वेषात, पगडीसकट. ‘इथे कोण बघणार आहे, अण्णा?’ मी म्हटलं. ‘मी आहे ना,’ म्हणाले. भटनागरांनी दोन माइक लावले, एक अण्णांच्या तोंडासमोर आणि एक खाली, माझ्या नि पेटीच्या समोर. तो दुसरा माइक बघितला आणि मला कळलं, आता माझा आवाज वेगळा पकडला जाणार. ‘एक से नहीं चलेगा?’ मी विचारलं. ‘बिटिया, दो से अच्छा आता है,’ भटनागर म्हणाले आणि कानावर हेडफोन चढवले.

पहिला भाग बरा गेला. मग ते पद आलं. ‘कुणी’च्या अलीकडेच मी उचललं, नेहमीसारखं, आणि भटनागरांनी हात वर केला. ‘बिटिया, आप जल्दी आ रही हैं. पंडितजी को लाइन पूरी करने दो, फिर आप.’ अण्णा माझ्यावर करवादले, ‘काय गं, लक्ष कुठे आहे? सात वर्षं पेटीवर बसतेस आणि झील कुठे उचलायची कळत नाही?’ मी म्हटलं, ‘चुकले.’ पुन्हा सुरू. मी दात आवळून थांबायचं ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण ओळ वर चढायला लागली, अण्णांची मान ताठली, आणि माझा गळा माझं न ऐकता निघून गेला. पुन्हा हात वर. तिसऱ्यांदाही तेच. भटनागर चिडले नाहीत, ते चिडणारे नव्हतेच. त्यांनी हेडफोन काढून अण्णांच्या हातात दिले आणि म्हणाले, ‘आप ही सुनिए, पंडितजी. बिटिया का माइक मैं बंद कर देता हूँ, तब समझ में आएगा कि वो कहाँ आ रही है.’ बिचाऱ्यांना माझी चूक दाखवायची होती. मी उठले, ‘अण्णा, नका ऐकू,’ म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, पण हेडफोन कानावर गेले होते.

हेडफोनमधलं मला ऐकू येत नव्हतं. मला अण्णांचा चेहरा दिसत होता. खालची ओळ ऐकताना ते मान डोलावत होते. मग मान थांबली. त्यांनी भटनागरांकडे बघितलं, जसं काही यंत्र बिघडलंय. ‘फिर से,’ म्हणाले. भटनागरांनी पुन्हा लावलं. मग अण्णांनी विचारलं, ‘और बिटिया का चालू करके?’ तेही ऐकलं. एवढ्यात बाहेर छोट्या लाइनीची शिट्टी झाली, चहावाला दारात आला, बाबूलालजींनी त्याला हातानंच परत पाठवलं. अण्णांनी हेडफोन काढले, टेबलावर अलगद ठेवले आणि म्हणाले, ‘आज इतना ही, भाईसाहब. कल सवेरे आता हूँ.’ टेंपोत आम्ही समोरासमोर बसलो होतो, पेटी माझ्या मांडीवर. पडावापासून बाजारापर्यंत अण्णा बाहेर बघत होते. पगडी त्यांनी काढून मांडीवर ठेवली होती. मी दोनदा ‘अण्णा’ म्हटलं. त्यांना ऐकू गेलं असावं.

दिवेलागणीला त्यांनी आईला बाहेरच्या खोलीत बोलावलं. मलाही. ‘किती दिवस?’ एवढंच विचारलं. आई म्हणाली, ‘दोन चातुर्मास.’ ‘आणि तुम्ही दोघींनी मला असं उभं केलं? रोज? भर सभेत? माझ्याच तोंडून वरच्या षड्जाचं कौतुक ऐकून घेतलंत?’ त्यांचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला, आणि तो फाटलेला आम्हा तिघांनाही ऐकू आला. मी रडायला लागले. आई नाही रडली. आमची आई आयुष्यात अण्णांपुढे कधी बोलली नव्हती, ती त्या दिवशी बोलली. ‘हो, केलं उभं. मग काय करायचं होतं? तुम्हाला घरी बसवायचं? अहो, ज्या दिवशी तुम्हाला कळलं असतं त्या दिवशी तुम्ही अन्नपाणी सोडलं असतंत, मी ओळखत नाही का तुम्हाला? परक्या मुलखात आणलंत, आमचूर घालून आमटी करायला लावलीत, केली. आता पोरीनं बापाला सांभाळलं तर तिला चोर ठरवू नका.’ अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘चोर नाही म्हटलं मी.’ आणि उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागीच होते. मोरीतून गुळण्यांचा आवाज आला नाही.

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं का? मला लोकांनी पुष्कळदा विचारलंय. गळ्यातून सूर निघतोय की नाही हे ज्याचं त्याला कळत नाही, हे कसं शक्य आहे? मला वाटतं, निम्मं ठाऊक असणार. आता माझे गुडघे गेलेत हे मला ठाऊक आहे, तरी जिना उतरताना मी नातीला म्हणतेच की हात सोड, उतरते मी. माणूस असाच असतो. पण मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

सकाळी अण्णा तयार झाले तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता हे एकटे गाणार. एकटे गातील, ती ओळ फुटेल, भटनागर पुन्हा हात वर करतील, पुन्हा, पुन्हा, आणि शेवटी गाशा गुंडाळतील. आख्यानंही जातील आणि हा माणूसही जाईल. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. आई आमच्याबरोबर निघाली, डब्यात पोळी-भाजी घेऊन. हॉटेलात शिरताच भटनागर ओशाळून म्हणाले, ‘पंडितजी, हम नीची पट्टी में कर लें? कोई बात नहीं.’ अण्णा म्हणाले, ‘नीची नहीं. ऊँची.’ आणि माझ्याकडे वळले. ‘ऊठ पेटीवरून.’

मी उठले. ते बसले, मांडी घालताना त्यांना त्रास झाला, पगडी काढून बाजूला ठेवली. म्हणाले, ‘उभी राहा तिथे. माझ्या जागी.’ ‘मी नाही, अण्णा. आख्यान तुमचं आहे.’ ‘माझं आहे म्हणूनच सांगतोय. उभी राहा.’ ‘मला येत नाही हो, खालच्या ओळी तर मला कधीच—’ ‘माझ्या पट्टीत येत नाहीत. तुझी पट्टी कुठली?’  एकोणीस वर्षांची घोडी झाले होते, सात वर्षं रोज गात होते आणि मला माझी पट्टी माहीत नव्हती. मला लाज वाटली. त्यांना माझ्याहून जास्त वाटली, ते तोंडावरच दिसलं. ‘मीच कधी विचारलं नाही,’ म्हणाले. मग त्यांनी काळी तीन दाबली. ‘इथे म्हण.’ म्हटलं. मान हलवली, नाही. पांढरी पाच. ‘इथे?’ खालचा सूर आला पण दबलेला. काळी चार. ‘घडा घडविला…’ आणि तो आला. पोटातून आला, भरून, पुटपुटणं नव्हे. माझ्याच कानांना तो ओळखीचा वाटेना. अण्णांनी डोळे मिटून वरची ओळ घ्यायची खूण केली. ती मी घेतली. बाबूलालजी ‘वाह’ म्हणाले आणि हातोडी उचलून तबला नव्या पट्टीत ठोकायला लागले. भटनागर जागचे हलले नव्हते. ‘पंडितजी, यही आवाज़ तो मैंने मंदिर में सुनी थी,’ असं ते म्हणाले. ‘हाँ,’ अण्णा म्हणाले, ‘यही थी.’

माझ्या त्यानंतर पुष्कळ कॅसेटी निघाल्या, मग सीडी, आता ते फोनमध्ये असतं ते. मुंबईला गेले, दिल्लीला गेले, थंडगार काचेच्या खोल्यांमध्ये गायले, जिथे आगगाडीची शिट्टी येत नाही. अकराच्या अकरा आख्यानं टेप झाली, काळी चारमध्ये, अण्णा असेतो पेटीवर आणि झिलीला अण्णाच. ते सगळं ज्याला हवं त्याला ऐकता येतं. मला इथे फक्त गाणं सुरू होण्याआधीचं लिहायचं आहे, कारण ते टेपवर नाही.

भटनागर म्हणाले, गाडी गेली, आता सुरू करू. अण्णा म्हणाले, ‘एक मिनट.’ पेटीमागून उठले, अंगरख्याच्या खिशातून बुक्क्याची डबी काढली आणि माझ्या कपाळाला बुक्का लावला. कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला आमच्यात गादी म्हणतात, मग खाली सतरंजी असो नाहीतर फरशी. त्या गादीवर जो उभा आहे त्याच्या पाया पडायचं असतं आणि त्यात वय बघायचं नसतं, नातं बघायचं नसतं. अण्णा सोळा वर्षांचे असताना त्यांच्या आजोबांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं, हे मी शंभरदा ऐकलेलं. पण ऐकणं वेगळं. अण्णा खाली वाकायला लागले तेव्हा मी दचकून दोन पावलं मागे गेले, माइकच्या वायरीत पाय अडकला, भटनागर ‘अरे अरे’ करत उठले. ‘अण्णा, नका ना,’ मी रडकुंडीला येऊन म्हटलं, ‘मी तुमची मुलगी आहे.’ ते गुडघ्यावर तसेच थांबले, वर बघेनात. दाराशी डबा घेऊन बसलेली आई म्हणाली, ‘पुढे हो. ताटकळत ठेवू नकोस त्यांना.’

मी वायर सोडवली आणि पुढे येऊन जिथे उभी होते तिथे उभी राहिले. अण्णांनी दोन्ही हात माझ्या पावलांवर ठेवले, मग कपाळ टेकवलं. कपाळ घामानं ओलं होतं. मी पाय मागे घेतले नाहीत.